कागदाचं वय

आमच्या घरात कॉम्प्युटर एक आणि प्रिंटर चार. हे कळलं की उदगीरचा माणूस दोनपैकी एक काहीतरी म्हणतो. एक तर, "झेरॉक्सचं दुकान टाकलंय का?" नाहीतर, "आता एकातच सगळं यायलंय की, ऑल-इन-वन घेऊन टाकायचा." पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' एवढंच आहे. दुसऱ्याला उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

ऑल-इन-वनमध्ये छपाई, स्कॅन आणि झेरॉक्स एकत्र मिळतं, हे खरं. पण हे सगळं तो साध्या सुट्या कागदावरच करतो. आमच्या घरातून बाहेर पडणारे कागद एका जातीचे नाहीत आणि एका वयाचे तर मुळीच नाहीत. अक्कांचं, म्हणजे माझ्या जाऊबाईंचं, कुरियरचं लेबल चार दिवस जगलं की पुरे. पुतण्याचा 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा सराव पेपर आठवड्यात रद्दीत जातो. माझे वर्गातले तक्ते जूनमध्ये भिंतीवर चढतात आणि एप्रिलमध्ये उतरतात. भाऊजींची पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या विकलेल्या मालाचा हिशेब, मात्र मालकाच्या पाठीमागेही दप्तरात राहते. कागदाला किती जगायचंय हे आधी ठरवा, मग प्रिंटर आपोआप ठरतो. दुकानदार हे सांगत नाही. तो मिनिटाला किती पानं आणि पानाला किती पैसे एवढंच सांगतो.

पट्टीपासून सुरुवात करते, कारण घरातला सगळ्यात जुना, जड आणि आवाजाचा प्रिंटर तिचा आहे.

मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आमची आडत आहे, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देण्याचं दुकान. दसरा झाला की सोयाबीन येऊ लागतं, संक्रांतीच्या आगेमागे तूर, मग हरभरा. सौदा होतो, माल काट्यावर जातो, कच्चा हिशेब दुकानातल्या वहीत पडतो आणि पक्की पट्टी रात्री घरी छापली जाते. मोंढ्यातल्या धुळीत कॉम्प्युटर टिकत नाही, हे भाऊजींनी अनुभवाने ठरवलेलं. पट्टीवर शेतकऱ्याचं नाव, गाव, माल, कट्टे, क्विंटल-किलोत वजन, भाव, मग हमाली-तोलाई, आधी उचल घेतली असेल तर ती वजा, आणि खाली हातात पडणारी रक्कम. प्रती तीन. पांढरी शेतकऱ्याला, गुलाबी खरेदीदाराला, पिवळी दप्तराला.

या तिन्ही प्रती एका फटक्यात उमटल्या पाहिजेत, आणि इथेच बाकीचे प्रिंटर गळतात. लेझर आणि शाईवाला कागदावर रंग ठेवतात, कागदाला मारत नाहीत. आमच्या डॉट मॅट्रिक्सच्या डोक्यात एकाखाली एक अशा नऊ बारीक सुया असतात. त्या रिबिनीवर आपटतात आणि तो मार खालच्या दोन्ही कागदांपर्यंत पोचतो. मी नवी नवी या घरात आले तेव्हा अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, विचारलं होतं की लेझरवर तीन वेळा छापलं तर काय बिघडतं, आवाज तरी कमी होईल. अण्णा म्हणाले, "तीनदा छापलं की तीनदा येगळा आकडा घालता येतो की, बाई." आडतीवरचा भरवसा त्या एका माराखाली असतो, हे मला त्या दिवशी कळलं. कर्नाटकातल्या बीदरकडच्या गावांतूनही आमच्याकडे माल येतो. कुणाला मराठी वाचता येतं, कुणाला नाही, पण गुलाबी आणि पांढऱ्या कागदावरचा आकडा जुळवून बघायला भाषा लागत नाही.

अण्णांनी हयातभर कार्बन पेपर घालून बॉलपेनने पट्ट्या लिहिल्या. आता लिहित नाहीत, पण प्रिंटरचा एक खटका अजून त्यांच्याच ताब्यात आहे. डॉट मॅट्रिक्सच्या उजव्या बाजूला झाकणाखाली एक छोटी दांडी असते. कागदाची जाडी वाढली की ती एकेक खाच पुढे सरकवायची, म्हणजे सुयांचं डोकं कागदापासून तेवढं लांब जातं. कमी सरकवली तर रिबीन कागदाला घासून काळे पट्टे येतात, जास्त सरकवली तर पिवळी प्रत आंधळी येते. नवा गठ्ठा लावला की अण्णा चष्मा वर करतात, तीन पानांचा संच अंगठा आणि तर्जनीत धरून चोळतात, डोळे मिटतात आणि दांडी सरकवतात. मग एक पट्टी काढून सरळ पिवळी प्रत उचलतात. पांढरीकडे बघतसुद्धा नाहीत. दांडीशेजारी खुणांचे आकडे छापलेले आहेत, ते त्यांनी कधी वाचलेले मला दिसले नाहीत.

या प्रिंटरला मराठी झेपते, पण कुरकुरत. रोमन अक्षरं आणि आकडे त्याच्या पोटात तयार असतात. कॉम्प्युटरने नुसतं अक्षराचं नाव घेतलं की तो धाडकन ओळ मारून मोकळा होतो. देवनागरी त्याच्या पोटात नाही. त्यामुळे आपलं नाव त्याच्याकडे चित्र म्हणून ठिपक्याठिपक्याने पाठवावं लागतं. वेग एकदम पडतो आणि मात्रा, अनुस्वार, रफार तिसऱ्या प्रतीवर एकमेकांत मिसळतात. भाऊजींनी यावर तोडगा काढला: दुकानाचं नाव, पत्ता, रकान्यांची शीर्षकं हे सगळं प्रेसवाल्याकडून मराठीत आधीच छापून आणायचं, आकडे प्रिंटरने मारायचे आणि शेतकऱ्याचं नाव तेवढं मोठ्या अक्षरात चित्र करून पाठवायचं. उशीर एका ओळीचाच होतो.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण ती आडतीवाल्यांना नेहमी नडते. सलग गठ्ठ्याचा कागद ए४ नसतो. आमची पट्टी दहा इंच रुंद, सहा इंच उंच. विंडोजच्या यादीत हे माप नसतं, त्यामुळे प्रत्येक पट्टीमागे कोरा कागद सुटत जातो आणि चौथ्या-पाचव्या पट्टीला मजकूर फाटायच्या रेघेवर येतो. प्रिंटर बिघडलेला नसतो. प्रिंट सर्व्हरच्या गुणधर्मांत 'फॉर्म्स' नावाचं पान असतं, तिथे आपलं माप आपल्या नावाने नोंदवायचं आणि त्या प्रिंटरला तेच लावून टाकायचं. एकदा केलं की झालं.

एका कॉम्प्युटरला दोन प्रिंटर ही गोष्ट मी पहिल्यांदा पाहिली ती लातूरला, डी.एड.ला असताना. मामेबहिणीच्या लग्नाच्या पत्रिकेसाठी एका डीटीपीच्या दुकानात बसून होते. तिथे कच्चं प्रूफ डॉट मॅट्रिक्सवर निघायचं, चुका दुरुस्त व्हायच्या, 'चि. सौ. कां.' मधले टिंब मोजले जायचे, आणि मग पक्की प्रत लेझरवर, तीही बटर पेपरवर, उलटी. त्या उलट्या कागदावरून प्रेसवाला पुढचं काम करायचा. लेझरचं पान महाग, म्हणून प्रूफ तिथे काढायचं नाही असा त्या दुकानाचा दंडक होता. टेबलावर मधोमध एक मळकट पत्र्याची पेटी, तिच्यावर गोल खटका, एका बाजूला 'ए', दुसऱ्या बाजूला 'बी'. ऑपरेटर पोरगा तो खटका टकदिशी फिरवायचा. मला वाटायचं, कुठल्यातरी मोठ्या यंत्राचं नियंत्रण त्याच्या हातात आहे.

खरं तर ती पेटी म्हणजे अडचणीतून काढलेली वाट होती. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून प्रिंटरसाठी कॉम्प्युटरच्या मागे पंचवीस भोकांचं रुंद तोंड असायचं. डॉस या तेव्हाच्या ऑपरेटिंग सिस्टिमने एलपीटी१, एलपीटी२, एलपीटी३ अशी तीन नावं राखून ठेवली होती, पण बहुतेक मशिनला तोंड एकच. दुसरा प्रिंटर लावायचा तर कॉम्प्युटर उघडून आत वेगळं कार्ड बसवा, नाहीतर बाहेर ही खटक्याची पेटी ठेवा. प्रिंटरच्या बाजूचं छत्तीस टोकांचं तोंड अजूनही 'सेंट्रॉनिक्स' म्हणून ओळखतात. त्या नावाच्या कंपनीच्या १९७० च्या प्रिंटरवरून ते पुढे सगळीकडे गेलं. पान निघत असताना खटका फिरवायचा नाही, हा नियम तो पोरगा नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवायचा. काही लेझर प्रिंटरच्या पुस्तिकांत तर अशा हाताच्या खटक्याच्या पेट्या वापरूच नका, आतली सर्किटं जळतील, अशी ताकीद असायची. ताकीद कोण वाचतं म्हणा.

मग यूएसबी आली. पहिला आराखडा जानेवारी १९९६ चा, घराघरांत पोचायला विंडोज ९८ च्या पुढचा काळ लागला. त्या आराखड्याप्रमाणे एका मुळावर, मधले हब (एका खाचेच्या अनेक खाचा करणारे डबे) धरून, १२७ यंत्रं लागतात. म्हणजे तारेचा प्रश्न पंचवीसेक वर्षांपूर्वीच मिटलाय. तरीही 'एका कॉम्प्युटरला दोन प्रिंटर चालतील का' असं लोक अजून दबकत विचारतात, ती त्या पेटीच्या काळातली धास्ती असावी. चालतात. दोन चालतात, चार चालतात. साधा चार खाचांचा हबही पुरतो, कारण प्रिंटर आपली वीज आपण भिंतीतून घेतो, हबमधून फक्त निरोप जातो. तार पाच मीटरच्या आत ठेवावी एवढंच. आमची लेबलची तार मधल्या घरातून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाते, ती बेताने बसते.

कटकट तारेत राहिली नाही, ती नावात आली.

प्रिंटर लावला की विंडोज त्याला कंपनीने दिलेलं लांबलचक नाव देतं: मॉडेलचा आकडा, मालिका, कसलीतरी अक्षरं. पुढच्या वेळी तीच तार दुसऱ्या खाचेत घातली आणि प्रिंटर आपला अनुक्रमांक कॉम्प्युटरला सांगणारा नसेल, तर विंडोजला वाटतं की हा नवा पाहुणा. मग यादीत त्याच नावाचा दुसरा प्रिंटर येतो, शेपटीला 'कॉपी १' लावून. जुना फिकट होतो, 'ऑफलाइन' म्हणून पडून राहतो, आणि कामं त्याच फिकट नावाकडे जात राहतात. माणूस प्रिंटर बंद-चालू करतो, तार हलवतो, शेवटी मेकॅनिकला बोलावतो. मेकॅनिक येतो, सगळे ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारी सॉफ्टवेअरं, काढतो, पुन्हा घालतो आणि पैसे घेऊन जातो. पुढच्या दिवाळीच्या सफाईत तारा निघतात, परत दुसऱ्या खाचेत जातात. मी प्रत्येक तारेला आणि तिच्या खाचेला एकाच रंगाची टेप लावली आहे. लाल लालमध्ये, हिरवी हिरवीत. कामवाल्या मावशींनाही ते पाठ आहे.

टेप लावून झाल्यावर यादीतली नावं बदलली. मॉडेलचे आकडे काढून कामाची नावं ठेवली: पट्टी, शाळा, रंगीत, लेबल. हे प्रिंटरच्या गुणधर्मांत जाऊन मिनिटात होतं, आणि माझ्या मते एकापेक्षा जास्त प्रिंटर असणाऱ्या घराने करायची ही पहिली गोष्ट आहे. घरातला कुणीही माणूस छापायला बसला की त्याने मॉडेल आठवायचं नाही, काम आठवायचं. फक्त देवनागरीने इथेही एकदा अडवलं. भाऊजींचं हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांना जागा देणारी पद्धत, येण्याआधीचं. विंडोजच्या त्या जुन्या पद्धतीत देवनागरीला जागाच नव्हती, त्यामुळे त्या सॉफ्टवेअरच्या यादीत 'पट्टी' च्या ठिकाणी चार-पाच प्रश्नचिन्हं दिसू लागली. 'लेबल' च्याही जागी प्रश्नचिन्हंच. शेवटी पट्टीचं नाव रोमन अक्षरांत घातलं. अण्णांना अजून ते पटलेलं नाही. "मोंढ्यातली पट्टी, आन् नाव इंग्रजीत?"

यादीत प्रिंटर चार असायला हवेत, पण आमच्याकडे पाच दिसतात. लेझर एकच आहे, मी त्याला दोनदा नोंदवलंय. 'शाळा' म्हणून नोंदलेला पूर्ण गडद छापतो, 'सराव' म्हणून नोंदलेला टोनर, म्हणजे लेझरची काळी भुकटी, वाचवून फिकं छापतो. मशीन तेच, तार तीच, खाच तीच, फक्त पसंती वेगवेगळी ठरवून ठेवलेली. पुतण्याला 'सराव' कडेच जायची सक्त सूचना आहे. लातूरला क्लासला असतो, सुट्टीत घरी आला की नीटच्या जुन्या पेपरांचे गठ्ठे काढतो. एकेका पेपरात १८० ते २०० प्रश्न. आमच्या लेझरमधल्या १२ए टोनर-काडतुसाची कंपनीने सांगितलेली क्षमता साधारण २००० पानं, तीही पानाचा वीसावा भाग काळा होईल या हिशेबाने. जीवशास्त्राच्या आकृत्या तो हिशेब पाळत नाहीत.

आता रांगेबद्दल. छापा म्हटलं की काम थेट प्रिंटरकडे जात नाही. विंडोजमध्ये 'प्रिंट स्पूलर' नावाचा एक मुनीम बसलेला असतो. तो आलेलं काम आधी डिस्कवर लिहून घेतो आणि मग ज्याचं त्याला सोडतो. मोंढ्यात प्रत्येक काट्यासमोर वेगळी रांग असते आणि एका काट्यावर वांधा झाला तरी बाकीचे काटे तोलत राहतात, पण मुनीमच उठून गेला तर सगळे काटे थांबतात. इथेही तसंच. पट्टीचा कागद अडकला तरी लेबलं निघत राहतात, कारण रांगा वेगळ्या. स्पूलरच गपगार झाला तर मात्र चौघेही मुके. अशा वेळी प्रिंटरला हात लावून उपयोग नाही. सर्व्हिसेसमध्ये जाऊन स्पूलर थांबवायचा, विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमधल्या 'स्पूल' च्या आतला 'प्रिंटर्स' फोल्डर रिकामा करायचा, पुन्हा सुरू करायचा. रांगेतली सगळी कामं जातात, ती परत द्यायची. भाऊजींनी हे शिकून घेतलंय. सीझनच्या रात्री मला उठवायचं नाही हा त्यामागचा विचार.

आणि ती 'डिफॉल्ट' ची भानगड. तुम्ही काही न सांगता छापलंत तर काम ज्याच्याकडे जातं तो डिफॉल्ट. २०१५ च्या नोव्हेंबरमधल्या अपडेटपासून विंडोज १० मध्ये अशी सोय आली की शेवटी ज्यावर छापलं तोच डिफॉल्ट होतो. एका प्रिंटरच्या घरात याने काही फरक पडत नाही. आमच्यासारख्या घरात अक्कांनी दुपारी लेबल काढलं की संध्याकाळी माझा हजेरीचा तक्ता चार इंची लेबलवर निघू शकतो. ती सोय सेटिंगमध्ये एका बटणाने बंद होते, आणि मग 'शाळा' हाच कायमचा डिफॉल्ट. भाऊजींचा आग्रह 'पट्टी' चा होता, आडत घर चालवते म्हणून. मी म्हटलं, चुकून गेलेलं काम लेझरवर एक कागद खातं, पट्टीवर तीन. वाद तिथेच संपला.

विजेबद्दल थोडक्यात. लेझर छापताना आतला रूळ दोनशे अंशांच्या आसपास तापतो, तेव्हा कुठे टोनरची भुकटी वितळून कागदाला चिकटते. त्या क्षणाला तो काही शे वॅट ओढतो. आमच्याकडे सुरुवातीला बसवणाऱ्या माणसाने सगळं एकाच यूपीएसवर जोडलं होतं. लेझर जागा झाला की यूपीएस किंचाळून कॉम्प्युटरसकट बसायचा, आणि भाऊजींची अर्धी पट्टी हवेत. लेझरला भिंतीची थेट वीज द्यावी, डॉट मॅट्रिक्स आणि लेबलवाला खुशाल यूपीएसवर ठेवावे. लाइट गेल्यावर पट्ट्या निघतात, प्रश्नपत्रिका थांबतात. थांबलेल्या बऱ्या.

माझा रंगीत प्रिंटर सगळ्यात लाडाचा आणि सगळ्यात नाजूक. बाराखडी, पाढे, पाण्याचं चक्र, मराठवाड्याचा नकाशा, सगळं त्याच्यातून निघतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत विजेचा आणि कार्ट्रिजचा मेळ क्वचितच जमतो, त्यामुळे हे काम घरीच. पण उन्हाळ्याची सुट्टी आली आणि कामं थांबली की याच्या डोक्यातली शाई वाळते. एप्रिल-मे मधली आपल्याकडची कोरडी हवा ओठ फोडते, तिथे केसाहून बारीक भोकांचं काय. मग डोकं साफ करायचा आदेश द्यायचा, प्रत्येक सफाईत शाई वाया जाते आणि आतल्या बोळ्यात मुरते. त्यापेक्षा आठवड्यातून एक रंगीत पान काढावं. मी शनिवारी काढते, काहीही, कधी अण्णांच्या नातवंडांच्या, म्हणजे पुतण्याच्या धाकट्या भावंडांच्या, हट्टाचा वाघ. दुसरं म्हणजे ही शाई पाण्यात विरघळणारी. जुलैच्या झडीत खिडकीजवळचा नकाशा भिजला आणि गोदावरी खरोखरच वाहायला लागली. पोरांना मजा आली. म्हणून बोनाफाईड, शिफारसपत्र असले कागद मी रंगीतवर कधी काढत नाही, शिक्का कितीही सुंदर दिसो. ते लेझरवर. टोनर म्हणजे प्लॅस्टिकची भुकटीच, पाण्याला दाद देत नाही. फक्त तो कागद मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून वर्षानुवर्षं ठेवू नका. अक्षरं पाकिटाला चिकटतात आणि कागद कोरा होऊन बाहेर येतो.

चौथा प्रिंटर अक्कांचा. त्या येसर, काळा मसाला आणि कारळाची चटणी करून विकतात. गिऱ्हाईक बरंचसं पुण्याचं, म्हणजे इकडूनच तिकडे गेलेलं. येसराची आमटी पुण्यात मिळत नाही आणि मिळाली तर खाऊ नये, हे अक्कांचं मत, आणि ते मला शंभर टक्के मान्य आहे. कुरियरचं लेबल चार बाय सहा इंचांचं. आधी ते ए४ कागदावर छापून, कात्रीने कापून, चिकटपट्टीने लावायच्या. ऑर्डरी वाढल्यावर लेबलचा थर्मल प्रिंटर आला. त्यात शाई नाही, रिबीन नाही, टोनर नाही. कागदालाच औषध लावलेलं असतं, प्रिंटरचं डोकं तापून जिथे टेकतं तिथे ते काळं पडतं. दोन लेबलांमधली फट तो स्वतः ओळखतो. नवी गुंडाळी घातली की दोन-तीन कोरी लेबलं पुढे ढकलून तो फट मोजून घेतो. अक्कांना ते वाया गेल्यासारखं वाटतं, त्या ती कोरी लेबलं डब्यांना लावतात.

या कागदाची दोन शत्रूंशी गाठ आहे आणि दोन्ही आमच्या घरात भरपूर. एक ऊन. मे महिन्यात बंद टेम्पोत पडलेलं पार्सल आणि सावलीतलं पार्सल यांच्या लेबलांचा रंग सारखा राहत नाही. कागद करडा पडायला लागतो, मग बारकोड वाचणाऱ्या यंत्राला काळं कुठलं आणि करडं कुठलं ते कळेना होतं. दुसरा शत्रू तेल. चटणीचा हात लेबलला लागला की तेवढ्या जागेची अक्षरं पुसट होतात. एकदा पिनकोडचे मधले दोन आकडे असे गेले आणि डबा नको तिथे फिरून परत आला. तेव्हापासून अक्का लेबलं आधी काढून ठेवतात, पाकिटं भरून झाल्यावर हात धुतात, साडीला नव्हे, स्वच्छ पंचाला पुसतात आणि मगच चिकटवतात. चिकटपट्टी कडांना लावायची, बारकोडवरून नाही. तिच्या डिंकानेही काही कागदांवरचं काळं उतरतं, आणि चकाकीने यंत्र गोंधळतं ते वेगळंच.

तर असा हा कागद चार दिवसांचा धनी. पेट्रोलपंपाची पावती, एटीएमची चिठ्ठी हे सगळं त्याच जातीचं, पाकिटात ठेवलं तर हळूहळू कोरं. वॉरंटीचं बिल थर्मलवर मिळालं तर त्याच दिवशी झेरॉक्स काढा. याउलट मागच्या तुरीच्या सीझनमध्ये एक म्हातारबुवा आले, फार जुन्या उचलीचा काहीतरी घोळ मनात धरून. अण्णांनी माळ्यावरचं दप्तर उतरवलं, गठ्ठ्याची सुतळी सोडली आणि पिवळी पट्टी काढली. कडा कुरतडलेल्या, मधोमध घडीची भेग, पण आकडा स्वच्छ. म्हातारबुवांनी घरून आणलेली पांढरी कोपरीच्या खिशातून काढली. दोन्ही शेजारी ठेवल्या, बोट फिरवलं, "हां, बरुबर हाय," म्हणाले आणि चहा घेऊन गेले. ती पट्टी थर्मलवर असती तर दोघांच्याही हातात कोरा कागद होता.

लातूरला पुतण्याच्या क्लासमध्ये मी आणखी एक प्रकार पाहिला. सारख्याच मॉडेलचे दोन लेझर शेजारी शेजारी, यादीत नाव मात्र एकच. याला 'प्रिंटर पूलिंग' म्हणतात, पोर्टच्या पानावर एका चौकोनात खूण केली की होतं. कामं एकाच रांगेत लागतात आणि जो मोकळा असेल तो उचलतो. सोमवारच्या परीक्षेचे गठ्ठे काढणाऱ्याला हे उत्तम. अट एवढीच की दोघांचा ड्रायव्हर एक हवा, आणि पान कुठल्या प्रिंटरमधून निघालं ते शोधायची तयारी हवी. आमच्या घरात याचा उपयोग नाही, आमच्यातला एकही दुसऱ्याचं काम करू शकत नाही.

वायफायचं म्हणाल तर रंगीत प्रिंटरला ते आहे. लाइट जाऊन आली की राऊटर आणि प्रिंटर आपापल्या वेळेने जागे होतात, राऊटर प्रिंटरला कधी नवा पत्ता देतो, आणि कॉम्प्युटर जुन्या पत्त्यावर हाका मारत बसतो. राऊटरमध्ये त्या प्रिंटरचा पत्ता राखून ठेवता येतो. मी तेही केलं, आणि तरी तार काढली नाही.

अक्कांचं आता वेगळंच चाललंय. मी शाळेत असते, कॉम्प्युटरवर पुतण्या बसलेला असतो आणि कुरियरचा पोरगा दारात उभा राहतो. त्यांना फोनवरूनच लेबल काढायचंय, ब्लूटूथवाला प्रिंटर त्यांनी शेजारच्या गल्लीत बघूनही ठेवलाय. तसं झालं तर हबमधली हिरवी खाच रिकामी होते. तिच्यावर पुतण्याचा डोळा आहे, त्याला स्कॅनर लावायचाय, आणि भाऊजींना वाटतं तिथे दुसरा डॉट मॅट्रिक्स यावा, जुना कधी बसेल सांगता येत नाही. आमच्या ह्यांना यातलं काहीच लागत नाही, ते सगळं फोनवर बघतात आणि छापायचं असलं की मला पाठवतात. काल रात्री जेवताना यावर बराच वेळ बोलणं झालं. अण्णा आधी गप्प होते, मग ताटावरून उठता उठता म्हणाले, "खाच कुणाला बी द्या. पण दसरा आलाय, आधी रिबिनी आणा. मागल्या खेपंची पिवळी वाचाया येईना."

भाऊजी आज लातूरला चाललेत. यादीत रिबिनी, पट्टीचा कागद आणि माझ्यासाठी निळी शाई.